कोरडी पायरी

शिळवडीच्या मारुतीमागं कातळात कोरलेलं हे टाकं आहे. उतरायला सात पायऱ्या आहेत. त्यांतली सर्वांत वरची, जिच्यावर तुम्ही मघाशी बूट घालून उभे होता, ती कोरडी पायरी. पाऊस पडला की भिजते, तेवढीच. टाक्यातलं पाणी तिला कधी लागलेलं नाही. ज्या साली ओढ्याला पूर येऊन खालच्या वस्तीतली जनावरं वाहून गेली, त्या सालीही पाणी खालून सहाव्या पायरीपर्यंत चढलं आणि तिथंच थांबलं. दोनदा इंजिनिअर येऊन गेले. त्यांनी पाण्यात रंग सोडून बघितला, पहारीनं कातळ ठोकून बघितला. कुठं भेग सापडली नाही. चहा पिऊन गेले.

तुम्हाला वाटेल, एका पायरीचं पाणी ते किती! त्याची किंमत आमच्याकडं वैशाखात कळते. गाव कितीही जपून पाणी काढो, मृगाच्या आधी वीस-पंचवीस दिवस टाकं तळाला जातं आणि बायामाणसं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसतात. वरची पायरी भरली असती तर तेवढे दिवस निघाले असते. दरवर्षी तेवढंच उणं पडतं.

मी तुम्हाला हाकलणारच होतो, खरं सांगतो. पुण्याहून येऊन आमच्या पायरीवर पुश-अप मारायचे, हवेत टाळ्या वाजवायच्या आणि त्याचा व्हिडिओ काढायचा, हे मला आवडत नाही. पण तुमच्यातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, की तुझे हात वाकडे होते, हा मोजायचा नाही. आणि दुसरा त्याच्यावर खेकसला. ते ऐकलं आणि म्हटलं, यांना बसवावं. कारण ही पायरी कोरडी राहिली ती नेमक्या याच भांडणानं, असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका, मला ठाऊक नाही आणि माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. त्या काळी देवळाच्या डाव्या अंगाला तालीम होती आणि तिथं सुभाना नावाचे वस्ताद होते. अंगानं उंच, बोलायला तोडके, आणि हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं म्हणे. त्यांच्या तालमीत दंडाला माप होतं. जमिनीत खैराच्या दोन खुंट्या ठोकलेल्या, त्यांना मूठभर उंचीवर सूत ताणलेलं, आणि सुताच्या मध्यावर एक घुंगरू. दोन्ही पंजे एका रेषेत टेकायचे, पाय जुळवायचे, कंबर ढिली सोडायची नाही. छाती खाली आली की सुताला लागली पाहिजे, घुंगरू वाजलं पाहिजे आणि सूत तुटता कामा नये. असा दंड झाला की मोजणारा म्हणे, 'धरला.' काही चुकलं की म्हणे, 'सोडला.' घुंगरू वाजलं पण हात तिरके होते, तरी सोडला. वस्ताद स्वतःचेही दंड असेच सोडत. शंभर मारायला बसले की कधी एकशे सात मारून उठत, कधी एकशे अकरा.

"अंग लबाड असतंया," ते म्हणायचे. "त्येला एक फट दावली की समदं तितनंच निसटून जातं."

या मापामुळं शिळवडीचं नाव पंचक्रोशीत होतं. शिळवडीच्या पैलवानानं हजार म्हटले की ते हजारच असणार, कुणी मोजायला जात नसे.

याच तालमीत हैबती होता. मेंढरं राखणाऱ्याचं घर, बाप नाही, आई तुळसाक्का. लहानपण सगळं माळावर गेलेलं. तुम्ही उन्हात दगडावर बसलेला सरडा पाहिला असेल. मान वर करतो, पुढचे पाय वाकवतो आणि छाती दगडाला लावून पुन्हा उठतो. हैबतीनं दंड पहिल्यांदा पाहिला तो सरड्याचा. तालमीत आल्यावर त्यानं सरळ दंड शिकून घेतला, पण माळावर गेला की तो आपले दंड मारी. एक हात पुढं आणि एक हात बरगडीजवळ मागं, भार या खांद्यावरून त्या खांद्यावर न्यायचा, तो सरड्याचा दंड. एक पाय पाठीवर उचलून नांगी केली की विंचवाचा. असे त्याच्याकडे चाळीस प्रकार होते असं म्हणतात. मला चाळीस खरे वाटत नाहीत, पण दहा-पंधरा असतील.

तो आळशी नव्हता, हे ध्यानात ठेवा. सरळ दंड तालमीत त्याच्याइतका चोख कुणाचाच नव्हता, आणि वस्तादांचा राग नेमका याच गोष्टीवर होता. येत नाही म्हणून वाकडं करणारा त्यांना चालला असता, त्याला त्यांनी ठोकून सरळ केला असता. याला येत होतं आणि तरी तो वाकडं करी. आणि वाकडं करताना हसे.

एका साली जत्रेत हैबतीनं देवळापुढं आपले सगळे दंड करून दाखवले. लोक खूश झाले. शेजारगावच्या पाटलानं त्याला फेटा बांधला. दुसऱ्या दिवशी तो फेटा बांधूनच तालमीत आला, ही त्याची चूक. वस्तादांनी त्याला सुताखाली घातलं आणि स्वतः मोजायला बसले. हैबतीनं सरळ तीनशे दंड मारले. हात एका रेषेत, पाय जुळलेले, तीनशे वेळा घुंगरू वाजलं. वस्ताद तोंडातून शब्द काढीनात. अखेरीस उठले आणि म्हणाले, "एक बी धरला न्हाई."

हैबतीचा श्वास अजून खाली बसला नव्हता. त्यानं विचारलं, "वस्ताद, काय चुकलं?"

"आज न्हाई चुकलं. काल तुझ्या अंगानं जे क्येलं ते म्या बघितलंय. आता त्येनं किती बी सरळ क्येलं तरी मला खरं वाटत न्हाई. सरड्याची धाव कुंपणापर्यंत. जा कुंपणाकडं."

मार खाल्ला असता तर हैबती विसरला असता. तालमीत मार सगळेच खातात. पण ते तीनशे दंड खरे होते, मापात होते, आणि ज्यानं माप घालून दिलं त्यानंच ते नाकारले होते. हे त्याच्या काळजात रुतलं. त्या दिवसापासून तो रोज पहाटे यायचा, कुंपणाच्या बाहेर, पण वस्तादांना बरोबर दिसेल अशा बेतानं, आणि कातळावर सरड्याचे दंड मारायचा. वस्ताद त्याच्याकडे पाठ करून बसत. दोन वर्षं हे असं चाललं. दोघांत एक शब्द झाला नाही, पण एकाही दिवशी दोघांपैकी कुणी चुकला नाही. वैरानं वेळ पाळायची म्हटली की माणूस घड्याळाला मागं टाकतो.

त्याच सुमाराला सलग तीन सालं पाऊस झाला नाही. टाक्यात आतून पाझर होता तो आटला. पहिल्या साली पाणी चार पायऱ्या खाली गेलं, दुसऱ्या साली चिखल राहिला, तिसऱ्या साली चिखल तडकला. बाया दोन कोसांवरच्या डोहावरून घागरी आणत. तुळसाक्का साठीच्या घरात होती, ती दिवसातून दोनदा जाई. तिच्या टाळूचे केस घागरीच्या चुंबळीनं गेले होते. गावातली निम्मी घरं बैलगाड्या जुंपून निघून गेली.

त्या साली होळीच्या दिवशी सुभाना वस्तादांनी मारुतीला नवस बोलला. उद्याच्या धुळवडीपासून हनुमान जयंतीच्या सूर्योदयापर्यंत ही तालीम सव्वा लाख दंड घालील, एकूण एक मापातला. ऊन टाक्याच्या वरच्या पायरीवर पडायच्या आत शेवटचा दंड पडेल, आणि तो नवस बोलणाऱ्याचा असेल. देवा, तू टाकं भर.

तालमीत वस्ताद धरून अकरा जण उरले होते. दर दंडाला एक खडा टाकायचा ठरलं. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून बायांनी पाट्या भरभरून खडे आणले. आता मोजणारा कोण, हा प्रश्न आला. अकराही जण दंड मारणारे. गावातली दोन-चार म्हातारी माणसं पुढं झाली, तर वस्तादांनी हात वर केला आणि कुंपणाबाहेर बोट दाखवलं. लोकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"हैबत्या मोजंल," वस्ताद म्हणाले. "ज्येचा माझ्यावर जीव हाय, त्यो माझं वाकडं डोळ्याआड करंल. ह्येचा न्हाई. ह्यो सोडंल."

हैबतीनं ते ऐकलं. यात मान किती आणि अपमान किती, हे त्याला कळेना. गावातला सर्वांत तयार गडी, वीस-बावीस वर्षांचा, आणि त्यानं महिनाभर बसून खडे टाकायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं काम. तो नाही म्हणणार होता. पण त्याच वेळी तुळसाक्का डोहावरून आली, घागर उतरवली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. हैबती कुंपण ओलांडून आत आला आणि सुताशेजारी बसला.

अकरा जणांत सव्वा लाख म्हणजे दर गड्याला रोज पावणेचारशेच्या वर दंड. एरवी हे काही फार नव्हे. पण पोटात ताक नाही, भाकरी अर्धी, पाणी घोटभर, आणि वर फाल्गुन-चैत्राचं ऊन. तरी पंधरा दिवस निभावले. पाडव्याला कुणी गोड केलं नाही. हैबती बसून असे. 'धरला', 'सोडला', 'धरला'. तो कडक मोजी. वस्तादांचे जास्तच कडक. कधी डाव्या पंजाची बोटं सूतभर पुढं गेली तरी म्हणे, सोडला. वस्ताद त्याच्याकडे बघतही नसत, पुढचा मारीत. हैबतीला यात सुख वाटे आणि ते तो लपवीत नसे.

पण बसल्या जागी त्याला दुसरंही दिसत होतं. रोज तोच दंड, त्याच सांध्यावर तोच भार. नरसू नावाचा गडी होता, त्याचा उजवा खांदा सुजून भोपळा झाला. दोघांची मनगटं गेली. एकोणिसाव्या दिवशी हैबती न राहवून नरसूच्या कानाशी लागला. "हात मागंपुढं घे. एका खांद्याला इसावा दे, मग दुसऱ्या. छाती सुताला लागतीया, घुंगरू वाजतंया. अजून काय पाहिजे देवाला?" नरसूनं तसं केलं आणि त्याच्या तोंडावरचं दुखणं उतरलं. त्याचं बघून दुसऱ्या दोघांनी केलं. हैबतीनं त्यांचे खडे टाकले. महिनाभरात त्यानं फक्त त्याच दिवशी वाकडं धरलं, आणि माझ्या मते तेवढा एकच दिवस तो शहाण्यासारखा वागला.

वस्ताद देवळात दिवा लावायला गेले होते. परत आले तर नरसू सरड्यासारखा हालतोय. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ते हैबतीसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आजचं किती झालं?"

"चार हजाराला शंभर कमी."

"समदं काढ."

"वस्ताद, वाकडं फकस्त तिघांचं हाय. बाकीचं..."

"कुठला खडा कुणाचा त्ये तुला ठावं हाय? दुधात माशी पडली की माशीपुरतं दूध सांडत न्हाईत. काढ समदं. तुझ्या हातानं काढ."

ती पलीकडची घळ दिसते ना, त्या घळीत हैबतीनं त्या दिवसाचे सगळे खडे पाटीनं नेऊन ओतले. पाणी नसलेल्या गावात अकरा माणसांच्या दिवसभराच्या घामाचे खडे. गडी बघत राहिले. नरसू उठला, वस्तादांच्या पायांपाशी आपला लंगोट टाकला आणि निघून गेला. त्याच्यामागं चौघं गेले. एक जण जाताना थुंकला. सहा राहिले.

पुढचे अकरा दिवस त्या सहा जणांनी काढले. पाच जण रोज सातशे मारीत, वस्ताद हजारावर. पंचावन्न वर्षांचं अंग. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते या माणसावरूनच म्हणत असावेत. हैबती मोजत होता. आता तो कुणाला काही सुचवीत नव्हता. त्याच्या मनात एकच होतं, या माणसाचं माप याच्याच अंगावर एकदा उलटावं. देवाजवळ त्यानं काही मागितलं असेल तर तेच. पाणी नव्हे. हे म्हणताना मला बरं वाटत नाही, पण गोष्ट अशीच सांगतात.

हनुमान जयंतीची सकाळ झाली. तांबडं फुटलं तेव्हा पाचही गडी आपले दंड संपवून कातळावर पालथे पडले होते. उरलेलं गाव टाक्याभोवती उभं होतं. सुताच्या खुंट्या आता वरच्या पायरीवर आणून बसवल्या होत्या. वस्तादांचे शेवटचे शंभर राहिले होते. एकेक दंड, एकेक घुंगरू, एकेक खडा. हैबतीनं त्यांतल्या पहिल्या नव्याण्णवांत एकही सोडला नाही, कारण सोडण्यासारखा एकही नव्हता. नव्याण्णवाव्याला वस्ताद वर आले आणि त्यांच्या डाव्या खांद्यातून कडकन आवाज झाला. उभ्या गावानं तो ऐकला. हात खांद्यातून निखळून लोंबायला लागला.

वस्ताद गुडघ्यावर बसले. तोंडाला रंग नव्हता. समोरच्या डोंगराच्या माथ्याला ऊन लागलं होतं आणि ते खाली उतरत होतं. एक दंड बाकी होता.

"पाठी फिरवा," ते म्हणाले. "कुणी बघायचं न्हाई. मोजणारा सोडून."

गाव फिरलं. तुळसाक्काही फिरली. पायरीवर दोघंच समोरासमोर राहिले. वस्तादांनी डावा हात उजव्या हातानं ढकलून बरगडीजवळ घेतला आणि त्याचा नुसता टेकू केला. डावा हात उजव्या हातानं ढकलून बरगडीजवळ घेतला आणि त्याचा नुसता टेकू केला. सगळा भार उजव्या खांद्यावर. हैबतीला ती ठेवण ओळखायला वेळ लागला नाही. ती त्याचीच होती. दोन वर्षं ज्याच्याकडे वस्ताद पाठ करून बसत, तो सरड्याचा दंड त्यांना पुरता येत होता. पाठ केलेल्या माणसानं तो कधी बघून घेतला, कुणास ठाऊक.

छाती खाली आली आणि घुंगरू वाजलं.

लोकांनी आवाज ऐकला. कुणीतरी मारुतीचं नाव घेतलं, बाया रडायला लागल्या. पण वस्तादांनी सांगितलं नव्हतं म्हणून कुणी वळलं नाही. हैबतीच्या मुठीत शेवटचा खडा होता. तो टाकला असता तर कुणाला काही कळणार नव्हतं. बघणारं कुणी नव्हतं, आणि वस्ताद आपल्या तोंडानं काही सांगणाऱ्यांतले नव्हते. पण त्याला ते तीनशे आठवले. मापातले, खरे, आणि एकही न धरलेले.

वस्ताद गुडघ्यावर येऊन त्याच्याकडे बघत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्याला डोळा. "सांग," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"हात एका रेषेत न्हवतं, वस्ताद."

"मग?"

"सोडला."

हा सूड होता का, असं लोक मला विचारतात. होय, सूड होता. आणि दंड वाकडा होता हेही खरं. खरं बोलून सूड घेता येतो, ही हैबतीची त्या दिवशीची कमाई.

वस्तादांनी मान हलवली. त्यांनी वाद घातला नाही, उलट त्यांच्या तोंडावर क्षणभर समाधान दिसलं असं म्हणतात. मोजणारा त्यांनी बरोबर निवडला होता. पण गोष्ट इथं संपत नाही, आणि मला राग येतो तो याच्या पुढचा.

ऊन अजून देवळाच्या कळसावर होतं. पायरीपर्यंत यायला एक दंड पडेल एवढा वेळ होता. वस्तादांना आता दुसरा मारता येणार नव्हता. पण समोर हैबती बसला होता, महिनाभर बसून अंग ताजं ठेवलेला, सबंध मुलखात ज्याच्याइतका चोख सरळ दंड कुणाला येत नव्हता. शेवटचा दंड नवस बोलणाऱ्याचा, हे खरं. पण वस्तादानं आपल्या तोंडानं चेल्याला दिलेला दंड वस्तादाचाच असतो, हा तालमीचा जुना रिवाज, आणि तो दोघांनाही ठाऊक होता. वस्तादांनी 'हैबती, तू मार' एवढं म्हणायचं होतं. हैबतीच्या मांड्या ताठल्या होत्या. तो वाट बघत होता. शब्द आला असता तर तो सुताखाली गेला असता, आणि असा सरळ दंड मारला असता की सुतानंही बोट तोंडात घातलं असतं. 'वस्ताद, मी मारू का' असंही त्याला म्हणता आलं असतं. त्याच्या ओठापर्यंत ते आलं होतं. पण त्याला वाटलं, आधी त्यांनी मागावं. आणि वस्तादांना वाटलं, आधी यानं विचारावं. कोरडं पडलेलं टाकं मधे होतं, आणि ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली.

ऊन कळसावरून उतरलं, भिंतीवरून उतरलं आणि पायरीवर आलं.

सर्वांत आधी तुळसाक्का वळली. तिनं पायरीवरचं ऊन बघितलं, लेकाच्या मुठीतला खडा बघितला, वस्तादांचा लोंबता हात बघितला. "घुंगरू तर वाजलं," ती म्हणाली. "मग खडा मुठीत का?"

हैबतीनं काय झालं ते सांगितलं. लपवलं काही नाही. तुळसाक्का दोघांकडे पाळीपाळीनं बघत राहिली. मग म्हणाली, "एकाला येतूया पर मागत न्हाई, एकाला पाहिजेल पर सांगत न्हाई. दोघांत मिळून एक दंड निघंना व्हय रं तुमच्याच्यानं? म्या तीन सालं दोन कोस चालतीया."

असं सांगतात, की ती बोलत असतानाच टाक्याच्या तळाशी आवाज झाला. चिखलातले तडे बुजले, पाणी दिसायला लागलं, एकेक पायरी चढायला लागलं. लोक ओरडले, नाचले, खाली उतरून पाण्यात लोळले. दुपारपर्यंत सहा पायऱ्या भरल्या. मग पाणी थांबलं. सातवी कोरडी राहिली.

तुळसाक्कानं लेकाची मूठ उघडून तो खडा घेतला आणि सातव्या पायरीवर ठेवला. "ह्यो हितंच ऱ्हाईल," ती म्हणाली. "ज्या दिशी तुमच्यातला एक दुसऱ्याला आपल्या तोंडानं म्हणंल की तू मार, त्या दिशी राशीवर टाका. तवर ह्येला कुणी हात लावू नका."

त्या दोघांनी ते कधीच म्हटलं नाही. हैबतीनं पुढं आपली तालीम काढली, देवळाच्या उजव्या अंगाला. असं म्हणतात की तो म्हातारपणापर्यंत एकटा येऊन या पायरीवर सरळ दंड मारी, मग सरड्याचा मारी, आणि वाकून पाण्याकडे बघे. पाणी बोटभरही चढलं नाही. सुभाना वस्ताद वारले तेव्हा हैबती तिरडीबरोबर गेला नाही. टाक्याच्या या काठावर उभा राहून त्यानं ती जाताना बघितली.

आजही गावात दोन आळ्या आहेत. डावीकडची सरळ आळी, ती सुभानाची. उजवीकडची वाकडी आळी, ती हैबतीची. सोयरिकी होतात, भांडणं होतात, निवडणुकीला डोकी फुटतात. पलीकडं झाडीत जो लहानसा डोंगर दिसतो, ती खड्यांची रास. तिच्यात सव्वा लाखाला एक कमी आहे असं समजतात, मोजायला कुणी गेलेलं नाही. आजही हनुमान जयंतीच्या पहाटे पायरीवर सूत ताणतात, घुंगरू बांधतात. दोन्ही आळ्यांतला एकेक जाणता माणूस पायरीवर समोरासमोर बसतो, मधे तो खडा असतो. बाकीचं गाव पाठ फिरवून उभं राहतं. दोघांतल्या कुणीही पहिल्यांदा 'तू मार' म्हणावं, दुसऱ्यानं मारावा, सरळ मारावा की वाकडा हे तुळसाक्कानं सांगितलेलं नाही. ऊन पायरीवर येईपर्यंत वेळ असतो. मग सूत सोडतात, आणि गाव प्रसाद घेऊन घरी जातं.

गेली अकरा वर्षं वाकड्या आळीतर्फे मी बसतो. समोर सरळ आळीचा ज्ञानू शेळके असतो, माझ्याच वयाचा. माणूस वाईट नाही. माझ्या बायकोच्या दुखण्यात त्याची जीप रात्रंदिवस आमच्या दारात होती. गेल्या साली टँकर सव्वीस दिवस आला, माझी सून कळशीच्या रांगेत चक्कर येऊन पडली. तेव्हा मी ठरवलं होतं, की येत्या चैत्रात बसलो की म्हणायचं. चैत्र आला. ऊन कळसावर होतं. शब्द इथं, गळ्यापर्यंत आला होता. मी ज्ञानूच्या तोंडाकडे बघितलं, तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मला वाटलं, आधी त्यानं म्हणावं.